जुन्या गाडीस नवें एंजिन

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. सकाळचीं नित्यकर्में आटोपून मीं वर्तमानपत्र हातीं घेतलें होतें, तोंच माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. वयानें चाळिशी ओलांडलेला, स्वतः दोन मुलांचा बाप. परंतु शाळेंतल्या शिक्षकाच्या दारांत उभा राहिला म्हणजे मनुष्य पुन्हां बारा वर्षांचा होतो. चहाचा पेला हातीं येईपर्यंत तो कांहीं बोलला नाहीं. मग खिशांतून एक कागद काढून हळूच म्हणाला, "सर, सूत्राचा अर्थ कसा लावायचा हें आपण आम्हांला शिकवलेंत. आज मी कायद्याचें एक कलम घेऊन आलों आहें. त्याचा अर्थ लावून द्या. बाबांच्या गाडीचें काय करायचें हें त्यावर ठरायचें आहे."

बाबा म्हणजे त्याचे कैलासवासी वडील. सदाशिव पेठेंत त्यांचा दवाखाना होता. नंबर लावून आणि बराच काळ वाट पाहून १९७४ सालीं त्यांनीं प्रीमियर कंपनीची गाडी घेतली. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली, १०८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल एंजिनाची, सुकाणूच्या दांड्यालाच गिअरची मूठ असलेली ती गाडी. घरांत तिला अखेरपर्यंत सगळे 'फियाट'च म्हणत. रात्रीं-अपरात्रीं डॉक्टर रोग्याकडे जात ते तिच्यांतूनच. आणि परतींच्या वेळीं आळीच्या तोंडाशीं तिचा आवाज आला कीं त्यांच्या पत्नी उठून दूध तापत ठेवीत. डॉक्टर गेल्यावर मुलानें गाडी रीतसर आपल्या नांवावर करून घेतली. परंतु आतां एंजिन थकलें होतें. निळा धूर येई, तेल फार लागे, आणि साधा उड्डाणपूल चढतांनाहि तिची दमछाक होई. गॅरेजवाल्यानें सल्ला दिला, "साहेब, हें जुनें कशाला उकरतां? एका नव्या गाडीचें चांगलें एंजिन माझ्याकडे पडलें आहे. आठवड्यांत बसवून देतों, गाडी वाऱ्यासारखी पळेल. कागदाचें मागाहून बघूं."

'कागदाचें मागाहून बघूं' या तीन शब्दांनीं माझा विद्यार्थी बिचकला, आणि बिचकला हें फार बरें झालें. त्या निमित्तानें मीं जें वाचलें आणि जाणत्या लोकांस विचारून घेतलें, तें येथें एकत्र मांडीत आहें. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं, वाड्याच्या चौकांत किंवा बंगल्याच्या आडोशाला, अशी एकादी वडिलार्जित गाडी आच्छादनाखालीं उभी आहे; आणि तिचें एंजिन बदलण्याचा मोह तिच्या मालकाला केव्हां ना केव्हां होतोच.

गाडीची ओळख कशावरून?

आपण गाडी ओळखतों ती रंगावरून, पाटीवरच्या क्रमांकावरून, फार तर तिच्या भोंग्यावरून. कायदा तिला निराळ्या रीतीनें ओळखतो. प्रत्येक मोटारीच्या अंगावर कारखान्यांतच दोन क्रमांक कोरलेले असतात : एक तिच्या सांगाड्यावर, ज्याला चासी म्हणतात, आणि दुसरा एंजिनाच्या ब्लॉकवर. नोंदणी होते त्या वेळीं हे दोन्ही क्रमांक, बनावट, निर्मितीचें वर्ष, इंधनाचा प्रकार, एंजिनाची घनक्षमता इत्यादि तपशील नोंदणीच्या प्रमाणपत्रांत, म्हणजे ज्याला आपण 'आर्. सी. बुक' म्हणतों त्यांत, उतरविला जातो. विम्याच्या कागदावर हेच क्रमांक असतात. गाडी चोरीस गेली तर फिर्यादींत हेच क्रमांक द्यावे लागतात, आणि अपघात झाला तर कागदोपत्रीं हेच क्रमांक ताडून पाहिले जातात.

म्हणून एंजिन बदलणें हें टायर किंवा बॅटरी बदलण्यासारखें नाहीं. तें मनुष्यानें आपलें नांव बदलण्यासारखें आहे. नांव बदलतां येतें; पण राजपत्रांत तशी नोंद करावी लागते, नाहीं तर पुढें प्रत्येक दारांत 'आपण तेच कशावरून?' या प्रश्नाला उत्तर देत बसावें लागतें.

हा दंडक सर्व देशांत एकसारखा नाहीं. ब्रिटनमध्यें कित्येक वर्षें अशा फेरफार केलेल्या गाड्यांसाठीं गुण देण्याची पद्धति होती. मूळ सांगाडा कायम असेल तर पांच गुण. सुकाणू, आंस, गिअरपेटी वगैरेंना प्रत्येकीं दोन. आणि मूळ एंजिनाला केवळ एक. आठ गुण मिळाले कीं जुना नोंदणी-क्रमांक गाडीकडे राही. म्हणजे त्या पद्धतींत सांगाडा हा घरचा कर्ता आणि एंजिन हा येणारा-जाणारा पाहुणा होता. आपल्या कायद्यानें मात्र एंजिनाच्या क्रमांकास सांगाड्याच्या क्रमांकाच्या पंक्तीला बसविलें आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

पूर्वीं चालत असे, आतां कां नाहीं?

"पण सर," माझ्या विद्यार्थ्यानें विचारलें, "आमच्या काकांच्या जीपला पेट्रोलच्या जागीं डीझेलचें एंजिन घातलें होतें. आर्. सी. वर तसा शिक्काहि होता. मग तें कसें झालें?"

प्रश्न अगदीं रास्त होता, आणि त्याचें उत्तर कायद्याच्या इतिहासांत आहे. आपल्याकडे मोटारींविषयींचा अखिल भारतीय कायदा प्रथम १९१४ सालीं झाला. त्याच्या जागीं १९३९ चा आला. आणि सध्यां चालू आहे तो १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला. या कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांविषयीं आहे. तें मुळांत असें होतें कीं, ज्या फेरफारामुळें नोंदणीपत्रांतील तपशील खोटा ठरेल असा फेरफार मालकानें नोंदणी-अधिकाऱ्यास कळविल्यावांचून व त्याची संमति घेतल्यावांचून करूं नये. म्हणजे कसोटी नोंदणीपत्राच्या खरेपणाची होती. आधीं विचारा, संमति मिळवा, नवा तपशील लिहून घ्या, कीं काम झालें. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल महाग झालें, तेव्हांपासून जीपगाड्यांत डीझेलचीं एंजिनें बसविण्याची जी लाट आली, तिला कायद्याच्या या वळणाची सोय होती. काकांच्या जीपवरचा शिक्का खोटा नव्हता. तो त्या काळाचा होता.

२००० सालीं कलम ५२ बदललें. आतां कसोटी नोंदणीपत्राची राहिली नाहीं, ती मूळ निर्मात्याच्या तपशिलाची झाली. कारखानदारानें गाडी ज्या घडणीची म्हणून बनविली, तिच्याशीं विसंगत ठरेल असा फेरफार मालकानें करूंच नये, असें कलम आतां म्हणतें. दोन वाक्यांतला भेद बारीक दिसतो, पण परिणाम मोठा आहे. पूर्वीं अधिकाऱ्याची संमति हा दरवाजा होता. आतां त्या दरवाज्याच्या जागीं भिंत आहे, आणि तिला दोन-तीन ठरीव खिडक्या आहेत.

ही भिंत खरोखरच भिंत आहे कीं नुसता पडदा, याविषयीं वाद होते. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें त्यांचा निकाल लावला. निर्मात्यानें मुळांत जो तपशील ठरवून दिला त्याच्याशीं विसंगत असा बदल करतां येणार नाहीं. नोंदणीपत्रांतील इतर तपशील मात्र कायद्यांत सांगितलेल्या रीतीनें बदलून नोंदवितां येईल, असा त्या निकालाचा आशय आहे.

येथपर्यंत वाचून माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. 'नव्या गाडीचें चांगलें एंजिन' ही गोष्ट येथेंच संपली होती. दुसऱ्या बनावटीचें, निराळ्या क्षमतेचें, निराळ्या कारखान्याचें एंजिन त्याच्या फियाटमध्यें घालणें म्हणजे मूळ निर्मात्याच्या तपशिलाला उघड विसंगत होणें. मागाहून बघण्यासारखा कागद त्यासाठीं कोणत्याहि कार्यालयांत नव्हता.

या निषेधाला कारणहि आहे. गाडी ही सर्व अवयवांचा मेळ घालून बनविलेली असते. त्या जुन्या गाडीचे ब्रेक चारी चाकांना ड्रमचे, आणि तिची गति बेतानेंच वाढणारी. तिच्या उरांत दुप्पट ताकदीचें एंजिन बसविलें, तर धांवेल ती दुप्पट, पण थांबेल पूर्वीसारखीच. रस्त्यावरून शाळेला निघालेल्या पोराला त्या एंजिनाचें कौतुक नसतें.

उत्सर्ग आणि अपवाद

शास्त्राचें वाचन करणाऱ्यास उत्सर्ग आणि अपवाद यांचा संबंध परिचित आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग. विशेष स्थळीं त्याला बाजूस सारतो तो अपवाद. आणि अपवादानें मोकळें ठेवलेल्या सर्व क्षेत्रांत उत्सर्गाचें राज्य चालतें. कलम ५२ असेंच वाचावें.

पहिला अपवाद इंधनाचा. पेट्रोलची गाडी सी. एन्. जी., एल्. पी. जी., वीज किंवा अन्य इंधनावर चालावी म्हणून मान्यता मिळालेला रूपांतर-संच बसवून तिच्या एंजिनांत फेरफार करण्यास कायदा मुभा देतो. अर्थात् नियमांत घातलेल्या अटींवर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी दोन हजार सालानंतर मोठ्या संख्येनें सी. एन्. जी. वर धांवूं लागल्या, त्या याच वाटेनें. त्यांतली शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें वयोमर्यादेमुळें रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींचें इंधन बदललें, पण गाडीचा सांगाडा व एंजिन तेंच राहिलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

हा संच कोणीहि बनवून कोणीहि बसवावा असें मात्र नाहीं. तो सरकारनें नेमलेल्या परीक्षण-संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकीं एक प्रमुख संस्था आपल्या पुण्यांतच आहे. सकाळीं कोथरूडच्या बाजूनें वेताळ टेकडीवर फिरावयास जाणारे पुणेकर जिच्या कुंपणाजवळून जातात आणि जिच्यामुळें कित्येक लोक त्या टेकडीलाच 'ए. आर्. ए. आय्. टेकडी' म्हणतात, ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था. संच ज्या जातीच्या वाहनासाठीं मान्य झाला असेल त्याच जातीच्या वाहनाला तो बसवावा, अधिकृत कारागिराकडून बसवावा, आणि त्याची नोंद आर्. सी. वर करून घ्यावी, असा क्रम आहे. सी. एन्. जी. चें सिलिंडर दर तीन वर्षांनीं दाबाच्या परीक्षेला न्यावें लागतें, हीहि जन्माची जबाबदारी त्याबरोबर येते. विजेवर चालविण्याचे संच निघाले आहेत. त्यांतला आपल्या गाडीसाठीं मान्य झालेला एकहि माझ्या विद्यार्थ्यास मिळाला नाहीं. तेव्हां ती खिडकी त्याच्यापुरती बंद होती.

त्याच जातीचें एंजिन

दुसरी खिडकी अधिक महत्त्वाची. गाडीचें एंजिन अगदींच निकामी झालें, ब्लॉकच फुटला, तर काय करावें? गाडी फेकून द्यावी असें कायदा म्हणत नाहीं. येथें मला पाणिनीच्या व्याकरणांतील स्थानी आणि आदेश यांची आठवण झाली. 'अस्' या धातूच्या जागीं कांहीं स्थळीं 'भू' येतो. मूळचा तो स्थानी, त्याच्या जागीं येणारा तो आदेश. आणि आदेशाला स्थानीचे अधिकार मिळतात. 'अस्' हा धातु म्हणून 'भू' हाहि धातु. परंतु जेथें कार्य प्रत्यक्ष वर्णावरच अवलंबून असतें, तेथें हा नियम चालत नाहीं. तेथें आलेला वर्ण कोणता हेंच पाहावें लागतें.

एंजिनाचेंहि तसेंच आहे. त्याच बनावटीचें आणि त्याच जातीचें एंजिन जुन्याच्या जागीं आलें, तर निर्मात्याचा तपशील ढळत नाहीं. बदलतो तो केवळ क्रमांक. तें जुन्याचे अधिकार घेऊन येतें. निराळ्या जातीचें आलें, तर त्याचा धूर, त्याची ताकद, त्याचें इंधन हीं त्याचीं स्वतःचींच पाहावीं लागतात, आणि तेथें मूळ एंजिनाची पुण्याई उपयोगीं पडत नाहीं. कायद्याच्या शब्दांतूनहि हाच अर्थ निघतो. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहनें बाळगणाऱ्या मालकास, राज्य सरकारनें तशी अधिसूचना काढल्यास, आधीं संमति न घेतां एंजिन बदलण्याची मुभा कलम ५२ मध्यें आहे; परंतु तेथेंहि एंजिन 'त्याच बनावटीचें व त्याच जातीचें' हवें, आणि चौदा दिवसांच्या आंत नोंदणी-अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. ज्याला सवलत दिली त्यालाहि भिन्न जातीचें एंजिन वर्ज्य. मग आपणां सामान्य गृहस्थांस तें कोठून चालणार?

सामान्य गृहस्थानें चालावयाची रीत अशी. आधीं नोंदणी-कार्यालयांत, म्हणजे पुण्याच्या गाडीसाठीं संगम पुलाजवळील आर्. टी. ओ. कार्यालयांत, अर्ज करावा. कामाला हात मागाहून. अर्जासोबत आर्. सी., चालू विमा, धुराचें म्हणजे पी. यू. सी. चें प्रमाणपत्र आणि एंजिनाचें बिल ठेवावें. गाडीवर बँकेचें कर्ज असेल तर बँकेची लेखी संमति घ्यावी. एंजिन दुसऱ्या गाडींतून काढलेलें असेल तर ती गाडी कोणाची, तिची नोंदणी रद्द झाली कीं नाहीं, हें दाखविणारा कागद पाहिजे. बिलावांचून भंगारांतून उचललेल्या एंजिनाचा पूर्वेतिहास कोणास ठाऊक नसतो. आणि चोरीची वस्तु चोरीची आहे हें जाणून घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. यानंतर मोटार-वाहन निरीक्षक गाडी समक्ष पाहतात, कोरलेला क्रमांक कागदाशीं ताडतात, आणि मग नवा क्रमांक आर्. सी. वर चढतो. शेवटीं तोच क्रमांक विम्याच्या कागदावरहि चढवून घ्यावा. पुष्कळ लोक हें शेवटचें पाऊल विसरतात.

न विचारतां केलें तर?

दंड कायद्यांत स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेलें कलम १८२-अ असें सांगतें कीं, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु माझ्या मतें दंडाहून कलम ५५ भारी आहे. गाडीवर कोरलेला एंजिनाचा किंवा चासीचा क्रमांक नोंदणीपत्रांतील क्रमांकाशीं जुळत नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर मालकाचें म्हणणें ऐकून घेऊन, कारणें नमूद करून, ती नोंदणीच रद्द करावी असें तें सांगतें. नोंदणी गेली कीं गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. वडिलांची आठवण अंगणांत लोखंडाचा ढीग होऊन बसते.

याचा अनुभव माझ्या एका आप्तांनीं घेतला आहे. त्यांनीं दुसऱ्या जिल्ह्यांतून एक जुनी जीप विकत घेतली. एंजिन छान चाले. म्हणून ब्लॉकवरचा क्रमांक आर्. सी. शीं ताडून पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून नूतनीकरण करावें लागतें. त्या तपासणीच्या वेळीं क्रमांक निराळा निघाला. विकणारे गृहस्थ तोंवर वारले होते. एंजिन कोणीं, केव्हां व कोठून आणून घातलें हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. माझ्या आप्तांचा कांहीं अपराध नसतां पुष्कळ खेटे घालावे लागले, आणि अखेर ती जीप त्यांना सोडून द्यावी लागली. गेलेल्या पैशापेक्षां 'आपल्यास फसविलें' ही बोचणी त्यांना अधिक लागली. ज्यानें तें एंजिन गुपचूप बसविलें, त्यानें स्वतःची सोय पाहिली. भोगलें तें परक्यानें.

विम्याचीहि तीच कथा. विमा कंपनीशीं होणारा करार हा संपूर्ण सत्यकथनावर उभा असतो. तिला पेट्रोलचें जुनें एंजिन सांगून आपण निराळेंच चालवीत असलों, तर अपघातानंतर आपल्या नुकसानीची भरपाई नाकारण्यास तिला आयतें कारण मिळतें. आणि त्या अपघातांत परका मनुष्य जायबंदी झाला असेल, तर न्यायासनासमोर त्या न सांगितलेल्या एंजिनाची उठाठेव झाल्याखेरीज राहत नाहीं.

पन्नाशी उलटलेली गाडी

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीपुरती आणखी एक गोष्ट पाहणें जरूर होतें, कारण ती १९७४ सालची, म्हणजे पन्नाशी उलटलेली. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें अशा वृद्ध गाड्यांसाठीं निराळे नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येतें. क्रमांकाच्या पाटींत 'व्ही. ए.' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये व पुन्हां नोंदणीचें पांच हजार. आणि नोंदणी दहा वर्षें टिकते. मात्र गाडी मूळ स्वरूपांत राखलेली पाहिजे. चासी, बाह्य सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. गॅरेजवाल्याचें तें 'चांगलें एंजिन' बसविलें असतें, तर हा मानहि गाडीला कायमचा मुकावा लागला असता.

या मानाची किंमतहि आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणें, दुरुस्ती अशाच कारणांसाठीं ती बाहेर काढावी लागते. देवघरांतले चांदीचें ताट रोजच्या जेवणाला घेत नाहींत, तसें.

शेवटीं काय झालें?

कागद मिटून मीं त्याला विचारलें, "अरे, तुझ्या एंजिनाचा ब्लॉक फुटला आहे का?"

"नाहीं. फक्त झिजला आहे."

"मग बदलण्याची भाषा कशाला? क्रमांक ब्लॉकवर असतो ना? ब्लॉक तोच ठेवून आंतले अवयव नवे घातले, तर कायद्याच्या दृष्टीनें एंजिन तेंच राहिलें. ही दुरुस्ती झाली, फेरफार नव्हे."

त्याला तें पटलें. त्यानें दुसरा, वयानें मोठा असा एक कारागीर शोधला. त्यानें एंजिन उतरवून पुरतें खोललें, सिलिंडरचे बोअर करून स्लीव्ह घातल्या, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगें नवीं बसविलीं, हेड साफ करून घेतलें. काम आठवड्याच्या जागीं दोन महिने चाललें, आणि तितके दिवस माझा विद्यार्थी रिक्षानें कचेरींत गेला. खर्च बेताचा नव्हता. परंतु त्यासाठीं कोणापुढें खोटें बोलावें लागलें नाहीं आणि आर्. सी. वरचें एक अक्षरहि बदलावें लागलें नाहीं. व्हिंटेजच्या नोंदणीचा विचार त्यानें तूर्त पुढें ढकलला. महिन्याच्या चतुर्थीला आईस सारसबागेंत गणपतीच्या दर्शनाला न्यावयाचें असतें. तें त्या नोंदणींत बसत नाहीं. पांच वर्षांच्या नूतनीकरणाची साधी वाटच त्याला बरी वाटली.

ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांना माझें एवढेंच सांगणें. एकाद्या रविवारीं आर्. सी. बुक काढून, चष्मा लावून, गाडीचें झांकण उघडून दोन्ही क्रमांक स्वतः ताडून पाहावेत. जुळत असतील तर निर्धास्त असावें. वाडवडिलांच्या वेळचा बदल असेल आणि आर्. सी. वर त्याची नोंद असेल, तर तो कागद जपून ठेवावा. जुळत नसतील, तर गाडी विकण्याच्या किंवा नूतनीकरणाच्या दिवसाची वाट न पाहतां, घरांत जुनें माणूस आहे आणि बिलें सांपडण्याची आशा आहे तोंवरच नोंदणी-कार्यालयांत जाऊन खरें तें सांगावें. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें तर पैसे देण्यापूर्वींच हें करावें. आणि कोणी 'कागदाचें मागाहून बघूं' म्हणाला, कीं त्याच्या हातीं किल्ली देऊं नये.

माघांत तो गाडी घेऊन आला तेव्हां आईला मागें बसवून आणली होती. मीं फाटकाशीं जाऊन त्यांची विचारपूस केली. त्या म्हणाल्या, "गॅरेजांतून ही पहिल्यांदा घरीं आली तेव्हां मी आंत होतें. मुलानें कांहीं सांगितलें नव्हतें. आळीच्या तोंडाशीं आवाज ऐकला, आणि उठून दूध तापत ठेवलें. मग लक्षांत आलें कीं आतां तें प्यायचें कोणी नाहीं. शेवटीं मुलालाच दिलें."